वाणातला भुंगा

थोरल्या काकांचा स्वेटर कोपरांवर विरला की तो दादाचा व्हायचा. दादाला आखूड झाला की उसवायचा आणि त्याचं बाळाचं टोपरं करायचं. टोपरं बाळाच्या डोक्यात शिरेनासं झालं की त्याचे पायमोजे, पायमोजे टाचेला फाटले की चुलीवरचं पातेलं धरायचं फडकं. या सगळ्या वाटेत जे हातभर, वीतभर धागे सुटून राहायचे ते एका पत्र्याच्या डब्यात जायचे. डबा मुळात बिस्किटांचा. बिस्किटं कुणी खाल्ली हे घरात कुणालाच आठवत नाही. डबा मात्र सगळ्यांना आठवतो, झाकणावरच्या पोचे आलेल्या घोडागाडीसकट आणि उघडल्याबरोबर येणाऱ्या डांबरगोळ्यांच्या वासासकट.

"आजी, हा एवढासा तुकडा टाकू का?"

"असू दे. लागेल कुणाला तरी."

वाईच्या आमच्या आळीत हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं. मोडक्या छत्रीला, कान गेलेल्या कपाला, जोडी हरवलेल्या चपलेला, नारळाच्या करवंटीला, मांडवाच्या जुन्या बांबूला, सगळ्यांना एकच न्याय. असू दे. कुणाला लागेल, केव्हा लागेल, हे विचारायचं नाही. पुष्कळदा ती वस्तू कुणालाच लागायची नाही, हेही कबूल केलं पाहिजे. माळ्यावर हात घातला की आधी धूळ यायची, मग पाल, मग वस्तू.

छत्री तेवढी लागली. तिची काडी कानशीनं घासून टोकाशी आकडा काढला की झाली क्रोशाची सुई. सायकलच्या तारांच्या विणायच्या सुया व्हायच्या. दुकानातल्या सुईला नंबर असतो, आमच्या सुयांना मालक होते. ‘नानांच्या छत्रीची दे गं जरा’ असं म्हटलं की कुठली ते समजायचं. लोकर उसवायला दोन माणसं लागत. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं दोन्ही हात पुढे करून खांबासारखं बसायचं. तो दुसरा माणूस म्हणजे नेहमी आम्ही पोरं. नाकाला खाज सुटली तरी हात हलवायचा नाही. मग ती लडी धुऊन, तिला पाण्यानं भरलेला तांब्या टांगून ठेवायचा. रात्रभरात लोकरीतल्या वेलांट्या निघून ती पुन्हा शहाण्यासारखी सरळ व्हायची.

आणि त्या सुयांनी आळीतल्या बायकांनी काय काय विणलं! रेडिओवरचा रुमाल, दुधाच्या पातेल्यावरचा मणी लावलेला रुमाल, ट्रंकेवरचा, आरशावरचा, पुढे टीव्ही आला तेव्हा टीव्हीवरचा. ज्याला झाकायचं काहीच कारण नव्हतं त्यालाही रुमाल. दारावर तोरण, तोरणात दोन पोपट, पोपटांच्या मधोमध ‘सुस्वागतम्’. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. (आळीतल्या बायका विणायला बसल्या म्हणजे मुका असायचा तो खांबच.) शिवाय रुखवत होतं. रुखवतात लोकरीचा कुत्रा हवाच हवा. पांढरा, लाल जिभेचा, डोळ्यांच्या जागी शर्टाची गुंडी. लग्न झालं की तो शोकेसच्या काचेआड जाऊन बसायचा आणि पोरांनी त्याला हात लावायचा नाही. त्या काचेला आम्ही सगळ्यांनी नाकं लावली आहेत. तो कुत्रा हातात धरलेला आमच्या पिढीत एकही नाही.

परसदारी बाग अशी नव्हतीच. बाग हा शब्द आम्ही पुण्याला गेलो की वापरायचो. न्हाणीचं पाणी वाहत जायचं तिकडे कर्दळ आणि अळू. आडाच्या कडेला केळ, लिंबू, कढीलिंब. भिंतीशी पारिजातक, मांडवावर तोंडली आणि घेवडा, वाफ्यात वांगी-मिरची. आळी, अळी, आळं आणि अळू या चार शब्दांची शुद्धलेखनात आमच्याकडून कायम अदलाबदल व्हायची. परसात मात्र ते एकमेकांना खेटून नांदायचे. घेवड्यावर मावा पडला की चुलीची राख जुन्या पंच्यात बांधून वेलावर झाडायची. मावा राखेनं जायचा, की तिथं आधीच जमलेले लाल ढालकिडे तो खाऊन टाकायचे, हे तेव्हा कोण बघतंय! श्रेय राखेला मिळायचं.

भुंगा यायचा तो पापडांच्या दिवसांत. काळाकुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा, पंखांवर ऊन पडलं की जांभळा-निळा. मांडवाच्या वाळक्या बांबूला खालून चिकटून तो पोखरत बसायचा. खरं तर ती. पोखरते ती मादीच. करंगळी जाईल एवढं गोल भोक, कंपासनं काढल्यासारखं. बांबूला कान लावला की आतली कुरकुर ऐकू यायची. पिवळसर भुसा खाली झरायचा, तो नेमका पापडांच्या चादरीवर. थोरल्या काकू केरसुणी उगारून धावल्या होत्या, ते आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. आजी तिथंच लाट्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "चादर सरकव की दोन हात." पापड सरकले, भुंगा राहिला.

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या पाकळ्यांत अडकून पडतो, हा ज्ञानेश्वरीतला दृष्टान्त आजोबा त्याच बांबूखाली बसून सांगायचे. आजीचं म्हणणं, कमळाचं राहू द्या, हा बांबू यंदा बदलायला हवा. तो काही बदलला नाही. भोकाच्या आत काय चालतं हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचलं. परागाचा आणि मधाचा एक लाडू, लाडवावर एक अंडं, मग भुशाचा पडदा. पुन्हा लाडू, अंडं, पडदा. एकामागे एक अशा खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. आणि नराला नांगीच नसते. तो नुसता तोंडासमोर येऊन गुरगुरल्याचं सोंग करतो. आम्ही ज्याला भिऊन घरात पळायचो तो बहुधा हा सोंगाड्याच.

लिंबाच्या पानांवर पाखराची शीट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके दिसायचे. काडी लावली की शीट चालायला लागायची. ती अळी. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार व्हायची, आणि तिला डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं भसकन बाहेर यायची, बरोबर एक उग्र आंबूस वास. ती शिंगं बघायला आम्ही तिला किती छळलं याचा हिशेब कुणी न मागितलेला बरा. काकूंची तक्रार असायची, "सगळी कोवळी पानं खाल्ली मेलीनं." आजी विचारायची, "तू पानांचं काय करणार होतीस?" २०१५ साली नीलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. आपल्या आधी देशातल्या कुठल्याच राज्यानं फुलपाखराला हा मान दिला नव्हता. पेपरात फोटो बघून ताईनं फोन केला. "अगं, ही तर आपल्या आडाजवळची! काळी, मोठी, निळ्या पट्ट्यांची. हिच्या अळ्यासुद्धा लिंबा-पपनसावरच वाढतात म्हणे. म्हणजे काकू जिच्या नावानं बोटं मोडायच्या तीच की काय?"

आणखी एक होती कुंभारीण. सडसडीत माशी, कंबर नसल्यातच जमा. कुलपाच्या भोकात, देवघराच्या कोनाड्यात, शिवणयंत्राच्या खणात ती मातीची घरं करायची. फोडून बघितलं तर आत निपचित अळ्या कोंबलेल्या. जुनी माणसं सांगायची, ती अळीपुढे गुणगुणत राहते आणि ध्यास घेऊन घेऊन अळी तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते. भक्तानं देवाचं तसं ध्यान करावं. खरी गोष्ट जरा कमी सोवळी आहे. अंडं कुंभारणीचं स्वतःचं असतं आणि अळ्या म्हणजे पिल्लासाठी भरून ठेवलेला डबा. तिनं नांगी मारून त्यांना बधिर केलेलं असतं, म्हणजे डबा शिळा होत नाही. पण बघणाऱ्याला काय दिसणार? आत गेली अळी, बाहेर आली माशी.

आता सगळंच काही गोड नव्हतं. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून आम्ही त्याचा पतंग केला आहे. मृगाचे लाल मखमली किडे काड्यापेटीत कोंडून शाळेत नेले आहेत. मुंग्यांच्या वारुळावर उकळतं पाणी ओतायचं काम मोठ्या माणसांनीच आमच्यावर सोपवलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात उग्र वासाची गॅमेक्झिन असायची. हिवतापाचे फवारणीवाले यायचे, भिंतींवर डीडीटीचे पांढरे ओघळ ठेवून आणि दारावर तारीख लिहून जायचे. आम्ही बँडबाजामागे नाचावं तसे त्यांच्या मागे आळीभर फिरायचो. आजी काही कीटकांची कैवारी नव्हती. झुरळाला तिच्याकडे माफी नव्हती. टाकायची घाई नव्हती, एवढंच. त्या असू-देच्या पसाऱ्यात कुणीकुणी येऊन बिऱ्हाड करायचं.

वाडे पडले, परसांवर इमारती आल्या, आळी पांगली. कुणी कोथरूडला, कुणी ठाण्याला, एक तर थेट न्यू जर्सीला. आता आळी भरते ती व्हॉट्सॲपवर. तिथंही पहाटे पाच वाजता सडा घातल्यासारखी सुप्रभातं पडलेली असतात.

ताईच्या सोसायटीत बाग आहे. खरोखरची, पाटी लावलेली. हिरवळ सतरंजीसारखी कापलेली, वाळकं पान पडलं की उचललेलं, आणि महिन्यातून एकदा पाठीवर पंप घेतलेला मुलगा येऊन सगळीकडे फवारून जातो. ताईनं गच्चीवर कुंड्यांत वांगी लावली. फुलं भरघोस आली आणि गळून गेली. वांग्याच्या फुलात पराग उघड्यावर नसतो. तो पिवळ्या नळ्यांमध्ये कोंडलेला असतो आणि नळीच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, त्याची भुणभुण एकदम चढ्या सुरात जाते आणि मिठाची बाटली झटकावी तसा पराग बाहेर पडतो. ही विद्या मधमाशीला येत नाही. वारा थोडंफार काम करतो, पण वाफाभर वांगी धरायची ती भुंग्याच्या जिवावर. ताईनं शेवटी नातीचा बॅटरीवरचा टूथब्रश आणला आणि एकेका फुलाच्या देठाला लावून घुर्रर्र केलं. चार वांगी धरली. नात आठ दिवस रुसली होती.

पसरणीचा घाट चढून पलीकडे गेलं की महाबळेश्वर तालुक्यात मांघर आहे. २०२२ पासून ते ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं, घरोघरी सातेरीच्या माश्यांच्या पेट्या. आमच्या माहेरच्या डोंगरात ही तऱ्हा, आणि ताईच्या सोसायटीत सातव्या मजल्याच्या सज्जाला लागलेलं आग्या माश्यांचं पोळं एका रात्री धूर देऊन पाडलं. आग्या माश्या हंगामापुरत्या येतात आणि आपणहून जातात. तेवढा धीर कुणाला होता? सकाळी खाली घमेलंभर माश्या झाडून काढल्या म्हणे. त्या दिवशी ताईनं ग्रुपवर सुप्रभात टाकलं नाही.

डिसेंबरात तिचा निरोप आला : ‘यंदा संक्रांतीला वाण म्हणून भुंगे लुटायचे. लोकरीचे. कोणकोण विणणार?’

दहा मिनिटं सामसूम, मग एकदम पाऊस. सुवासिनीच्या हातात काळा किडा द्यायचा? संक्रांतीला काळं चालतं की! मग फुलपाखरू का नको, सुंदर तरी दिसेल? फुलपाखरू सगळ्यांनाच आवडतं, त्याच्यासाठी विणायची काय गरज? या शेवटच्या प्रश्नापुढे कुणाला बोलता येईना.

लोकर विकत आणायची नाही असं ठरलं. बिस्किटांचा डबा इतकी वर्षं ताईच्याच माळ्यावर होता. त्यात काळी लोकर निघाली ती वीतभर. मग काकूंनी आपल्या खणातून थोरल्या काकांचा काळा मफलर काढून दिला. काका जाऊन अकरा वर्षं झाली. मफलरला एका टोकाशी कसर लागली होती, पण गळ्याशी घडी पडायची ती जागा अजून तशीच होती. कुणी काही बोललं नाही. ताईनं टोक शोधलं, मी दोन्ही हात पुढे करून बसले. साठी उलटली तरी नाकाला खाज सुटायची तेव्हाच सुटते.

भुंगा विणणं दिसतं तितकं सोपं नाही. मधोमध फास, त्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीला प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, मग चोवीस. चार फेऱ्या सरळ, आणि मग तसंच घटवत यायचं. जपानी बायका याला अमिगुरुमी म्हणतात आणि जगभर पोरीबाळी असं विणतात, हे नातीनं मोबाइलवर दाखवलं. आमची अडचण वेगळीच. उभा जन्म जाळीचे रुमाल विणलेले हात, त्यांना घट्ट विणता येईना. पहिल्या भुंग्याच्या पोटातून जागोजागी कापूस डोकावत होता, म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखा. डोळ्यांना मंगळसूत्र ओवून उरलेले काळे मणी लावले, तर काळ्यावर काळा, दिसायलाच तयार नाहीत. शिवाय लहान पोरं मणी तोंडात घालतात. शेवटी तपकिरी दोऱ्याचे टाके घातले. पंखांना परकराचा हेम घालून उरलेला जांभळा रेशमी दोरा मिळाला, तो मात्र उन्हात अस्सल चमकला.

पहिला नग नातीच्या हातात दिला. तिनं उलटापालटा केला आणि म्हणाली, "आजी, आठ पाय कोळ्याला असतात. आणि दोन पंख घरमाशीला. भुंग्याला पाय सहा आणि पंख चार."

जन्मभर डोळ्यांदेखत भुंगे बघितलेल्या आम्ही पाच बाया. एकीनंही कधी पाय मोजले नव्हते. उसवला.

मफलर संपला तेव्हा सत्तावीस भुंगे झाले होते. बरोबर द्यायला मांडववाल्याकडून वीत-वीतभर बांबू कापून आणले, एका बाजूला पेर बंद, एका बाजूला तोंड उघडं. चिमूटभर सब्ज्याचं बी पुडीत, कारण सब्जा फुलला की माश्यांची रीघ लागते. सोबत ताईच्या अक्षरात चिठ्ठी : ‘बांबू आडवा बांधावा, पावसाचं पाणी आत जाऊ नये. कुंडीत औषध मारू नये. तिळगूळ घ्या.’

हळदीकुंकवाला वाण बघून चेहरे बघण्यासारखे झाले. चहाची गाळणी, साबणदाणी, प्लास्टिकची वाटी, कंगवा, कापडी पिशवी, सगळी वाणं पचवलेल्या बायका त्या, पण भुंगा प्रथमच. हळदीकुंकू कुणाला लावायचं आणि कुणाला नाही यावरून अजूनही घरोघरी डोळ्यांच्या खुणा चालतात. मला त्याचा मनस्वी राग येतो. ताईनं जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकीला हात धरून आत घेतलं, सुरुवात काकूंपासून केली. सोसायटीचे सेक्रेटरी बायकोला न्यायला आले आणि दारातच चिठ्ठी वाचत उभे राहिले.

"हे खरे आले तर माझ्या सागवानी दाराला भोकं पाडतील."

"रंग-पॉलिश केलेल्या लाकडाला सहसा तोंड लावत नाहीत ते," ताई म्हणाली. "वाळकं, उघडं लाकूड लागतं त्यांना. तुमचं दार आरशासारखं आहे."

दाराची स्तुती लागू पडली असावी. जाताना त्यांनी नातवासाठी एक भुंगा मागून घेतला. फवारणी बंद झाली नाही. पंपघरामागची सहा फुटांची पट्टी तेवढी हल्ली सोडतात. तिथं पाला पडून असतो, एक ओंडका आहे, आणि एरंड आपला आपण उगवला आहे.

फाल्गुन लागला तसे ग्रुपवर बांबूंचे फोटो यायला लागले. रोज कुणीतरी विचारायचं, ‘आला का?’ रिकामा. रिकामा. एकीच्या बांबूत मुंग्या. एकीचा बांबू कामवालीनं केरात टाकला. मग परवा ताईचा फोटो आला. बांबूचं तोंड चिकणमातीनं लिंपून बंद, वर बोट फिरवल्यासारखी नक्षी. खाली तिचा आवाजी निरोप, अर्धा हसू, अर्धा वैताग : "बघा! सहा पाय, चार पंख मोजून भुंगा विणला, आणि राहायला आली कुंभारीण! आता हे खरवडून काढायचं का, म्हणजे भुंग्याला जागा होईल?"

निरोप तिथं संपत नाही. मागून, आतल्या खोलीतून, काकूंचा आवाज येतो. वय अठ्ठ्याऐंशी, कान गेलेले, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

"असू दे गं. लागलं ना कुणाला तरी."